कोड चालतो तो वाचकाच्या फोनवर

२०२४चा गुढीपाडवा ९ एप्रिलला होता. शिकागोकडच्या एका मराठी मंडळाच्या वेबसाइटवर मात्र कार्यक्रमाची तारीख ८ एप्रिल दिसत होती. ८ला अमावास्या होती आणि त्या दुपारी इलिनॉयच्या दक्षिण भागात खग्रास सूर्यग्रहण होतं. पान बनवणारा स्वयंसेवक पुण्यात बसला होता आणि त्याच्या लॅपटॉपवर तारीख अगदी बरोबर दिसत होती.

कोडमध्ये ‘२०२४-०४-०९’ अशी नुसती तारीख होती. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा अशा तारखेचा अर्थ ग्रीनिच वेळेची मध्यरात्र असा घेते. त्या क्षणी पुण्यात ९ तारखेच्या पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात आणि शिकागोत ८ तारखेच्या संध्याकाळचे सात. याच तारखेपुढे जागा सोडून वेळ लिहिली, तर आणखी वेगळा घोटाळा होतो. तशा मजकुराचा अर्थ कसा लावायचा हे नियमांनी ब्राउझरवर सोडलं आहे. क्रोम ती तारीख समजून घ्यायचा, तर काही वर्षांपूर्वीपर्यंतचा सफारी ती अवैध ठरवायचा.

मी नेपरव्हिलला राहते आणि वेबसाइटचा दर्शनी भाग बांधते. बँकेचा हिशेब बँकेच्या संगणकावर होतो आणि तो संगणक कसा असावा हे बँकच ठरवते. माझा कोड वाचकाच्या घरी जाऊन त्याच्या यंत्रावर, त्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्या घड्याळाप्रमाणे चालतो. त्यातलं काहीच माझ्या हातात नसतं. म्हणून ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे उत्तर मी कुणाकडूनच स्वीकारत नाही.

ब्राउझरांमधलं हे वेगळेपण आलं कुठून? माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर अर्बाना-शॅम्पेनचं विद्यापीठ आहे. तिथल्या एनसीएसए केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी बनवलेला मोझाइक ब्राउझर १९९३ साली बाहेर आला. पुढच्याच वर्षी अँड्रीसन कॅलिफोर्नियात नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या उभारणीत होते. १९९५च्या मेमध्ये तिथे ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना तयार केला. १९९६मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररमध्ये त्या भाषेची स्वतःची आवृत्ती घातली. भाषेचं प्रमाण १९९७मध्ये ठरलं, तरी पानावरचे भाग हाताळण्याच्या दोघांच्या रीती निराळ्याच राहिल्या आणि एकच गोष्ट दोनदा लिहावी लागू लागली. २००६मध्ये जॉन रेसिग यांच्या जेक्वेरी या तयार कोडसंचाने हा भार पुष्कळ हलका केला.

त्या काळाची एक खूण अजून टिकून आहे. नेटस्केपने सर्व्हरला सांगायचं नाव ‘मोझिला’ ठेवलं होतं. पुष्कळ साइट हे नाव सांगणाऱ्यालाच सजवलेलं पान द्यायच्या, म्हणून एक्सप्लोररही स्वतःला मोझिला म्हणवू लागला. आजचा क्रोमसुद्धा ओळख सांगताना मोझिला, ॲपलवेबकिट, गेको, सफारी ही सगळी नावं घेतो. तेव्हा ब्राउझरला नाव विचारून काय मिळणार? ‘तुला हे काम येतं का’ असं कोडने विचारावं. येत असेल तर ते करून घ्यावं, नसेल तर साधी वाट ठेवावी.

मराठी वाचकाने यात फार सोसलं आहे. २००० सालच्या आसपास मी इथे शिकत होते, तेव्हा विद्यापीठाच्या युनिक्स यंत्रावर मराठी वर्तमानपत्र उघडलं की रोमन अक्षरांचा चिखल दिसायचा. वर्तमानपत्राच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, आणि तो फॉन्ट यंत्रावर नसला की मूळ रोमन अक्षरंच उरत. फॉन्ट पानासोबत पाठवायचा तर एक्सप्लोररला तो ईओटी प्रकारात लागे आणि नेटस्केपला पीएफआर प्रकारात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती, पण अक्षरं नीट जोडून दाखवणारी यंत्रणा यंत्रायंत्रावर पोचायला पुष्कळ वर्षं गेली.

आजही ती यंत्रणा सगळीकडे एक नाही. क्रोम आणि फायरफॉक्स अक्षरजोडणीसाठी हार्फबझ वापरतात, सफारी ॲपलचं कोअरटेक्स्ट वापरतो. फॉन्टही वेगळे असतात: विंडोजवर निर्मला, ॲपलवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. रुंदी थोडी बदलली तरी बटणावरचा शब्द मोडून खाली येतो, किंवा वरची वेलांटी कापली जाते. मराठीचा खास ‘ऱ्य’ चुकला तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. म्हणून मी मुक्तासारखा खुला फॉन्ट पानासोबतच पाठवते आणि पानाची भाषा मराठी असल्याची नोंद कोडमध्ये करते. ती नोंद नसेल, तर फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असूनही ब्राउझर हिंदी वळणाचे काढू शकतो.

अमेरिकेत निम्म्याहून जास्त फोन आयफोन आहेत. इथे आयफोनवर क्रोम घेतला तरी आतलं इंजिन सफारीचंच, वेबकिट असतं आणि ते फोनच्या प्रणालीबरोबरच सुधारतं. मुलांनी वापरून आजीआजोबांना दिलेल्या जुन्या आयपॅडला नवी प्रणाली मिळत नाही, तेव्हा त्यावरचे सगळेच ब्राउझर एका जागी थांबतात. ‘दुसरा ब्राउझर वापरून बघा’ हा सल्ला तिथे निरुपयोगी आहे.

मंडळाचा नावनोंदणीचा फॉर्म म्हणूनच मी आधी जावास्क्रिप्टशिवाय चालेल असा बांधते: नाव, गाव, किती माणसं, आणि ‘पाठवा’चं बटण. जेवणाचे पर्याय निवडताच बेरीज दाखवणं वगैरे सोयी त्यावर नंतर चढतात. जुन्या आयपॅडवर त्या दिसत नाहीत, पण नोंदणी होते.