खिडकीच्या माथ्यावरचा गंज

लखनौचा बडा इमामबाडा पाहायला गेलेल्यांना गाईड एक गंमत हमखास दाखवतो. पाहुण्यांना भव्य दालनाच्या एका टोकाला उभे करून तो स्वतः दुसऱ्या टोकाला जातो आणि काडेपेटीची काडी ओढतो. सुमारे ५० मीटर अंतरावरून तो ‘चर्र’ आवाज स्पष्ट ऐकू येतो. पाहुणे खूश! मग गाईड छताकडे बोट दाखवतो. मधे एकही खांब नाही, तुळई नाही, लोखंडाचा आधार तर मुळीच नाही.

१७८४ च्या सुमारास, दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून नवाब आसफुद्दौलाने ही इमारत बांधायला घेतली. पातळ लाखोरी विटा, चुना आणि कमानीचे गणित एवढ्याच भांडवलावर सुमारे १६ मीटर रुंदीचे हे छत दोनशेहून अधिक वर्षे उभे आहे.

आता तिथून बाहेर पडा आणि चौकातल्या जुन्या गल्ल्यांत शिरून घरांच्या खिडक्यांकडे मान वर करून बघा. कुठे खिडकीच्या माथ्यावर तपकिरी ओघळ उतरलेले, कुठे गिलाव्याला आडवी भेग, कुठे विटांचा थर पुढे आलेला. त्याच खिडकीखाली आजीची खाट असते, मुले शाळेच्या रिक्षाची वाट बघत उभी असतात. इमामबाड्यात नसलेले लोखंड या खिडक्यांवर आहे, आणि तेच आज घर फोडते आहे.

हे केवळ लखनौचे दुखणे नाही. पुण्याच्या जुन्या वाड्यात, मुंबईच्या चाळीत, कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या घरातही खिडकीवरची लोखंडी पट्टी असाच दगा देते.

लोखंड फुगते कसे?

पूर्वी दारे-खिडक्यांवर कमान असे किंवा लाकडी, दगडी तुळई. इंग्रजी अमदानीत गर्डर, अँगल, रुळांचे तुकडे सहज मिळू लागले. कमान रचण्याचा खटाटोप वाचला. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लोखंड टेकवले की वर विटा रचायला गवंडी मोकळा!

चुना किंवा सिमेंट ताजे असते तोवर ते लोखंडाला जपते. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत जातो, तसे हे कवच वर्षानुवर्षांनी संपते. मग भेगेतून पाणी शिरते आणि गंज चढू लागतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, कधी कधी सहापटीपर्यंत. भिंतीत तेवढी जागा असणार कुठून? मग गंज विटा उचलतो. भेग रुंदावते, आणखी पाणी शिरते, आणखी गंज चढतो. चक्र सुरूच!

ही शक्ती किती मोठी? अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डागडुजी झाली, तेव्हा दगड सांधायला लोखंडी पट्ट्या वापरल्या गेल्या. त्या गंजून फुगल्या आणि संगमरवराचे टवके उडाले. प्राचीन ग्रीक कारागीर मात्र अशा पट्ट्यांभोवती शिसे ओतत, म्हणून त्यांचे सांधे टिकले. १९७५ नंतरच्या दुरुस्तीत गंजलेले लोखंड काढून न गंजणारे टायटॅनियम बसवण्यात आले. संगमरवराची ही गत, तर विटांचे काय घेऊन बसलात!

आपल्या घरी कसे ओळखाल?

खिडकीच्या माथ्याशी दोन्ही कोपऱ्यांतून निघणारी आडवी भेग ही पहिली खूण. तपकिरी ओघळ ही दुसरी. पूर्वी सहज मिटणारी खिडकी अडकू लागली, तर वरचा भार चौकटीवर आला असण्याची शक्यता असते. गिलाव्यावर हलके ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आत सुटे झाले आहे.

उत्तरेकडे भिंतीला ‘नोना’ लागला असे म्हणतात. ओलीबरोबर वर चढलेल्या क्षारांचा हा पांढरा थर. असे क्षार असतील तिथे लोखंड अधिक वेगाने गंजते.

दरवर्षी दिवाळीच्या आधी रंगाचा हात फिरतो, भेग दिसेनाशी होते आणि घरचे निर्धास्त होतात. पण रंगाखाली गंजाचे काम चालूच असते. पुढच्या पावसाळ्यानंतर तीच भेग बोटभर रुंद होऊन परत येते.

आधी पाणी अडवा

पहिले काम लोखंडाचे नाही, पाण्याचे. खिडकीवर छज्जा आहे का? त्याच्या खालच्या कडेला पाणी थेंबाथेंबाने गळून पडावे म्हणून खाच आहे का? गच्चीचा पन्हाळ भिंतीवर तर सांडत नाही ना? हे न बघता केलेली दुरुस्ती फार टिकत नाही.

मग सुटा गिलावा काढून लोखंड उघडे करायचे. गंज वरवरचा असेल आणि तारेच्या ब्रशने घासल्यावर घट्ट धातू लागत असेल, तर काम सोपे. चकचकीत होईपर्यंत घासा, धूळ पुसा आणि त्याच दिवशी झिंकयुक्त प्रायमरचा हात द्या. रात्रीची हवा लागू दिली तर गंज पुन्हा धरतो. प्रायमर वाळल्यावर रंगाचे दोन हात. घासताना चष्मा आणि नाकावर मास्क हवाच. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून लहान मुले आणि गर्भवतींना त्या खोलीत येऊ देऊ नये.

भिंत चुन्याची असेल तर गिलावाही चुन्याचाच करावा. घट्ट सिमेंट ओल आत कोंडते आणि गंजाचे फावते. कामाला कोरडे दिवस निवडा.

तुळई बदलायची वेळ आली तर

लोखंडाच्या खपल्या पापडासारख्या निघत असतील किंवा पट्टी खाली वाकली असेल, तर रंगाने भागणार नाही. इथे हौशी कारागिरी नको. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

खिडकीवरच्या सगळ्या भिंतीचा भार तुळईवर येतोच असे नाही. विटा एकमेकींना धरून कमानीसारख्या उभ्या राहतात आणि साधारण त्रिकोणी भाग तेवढा तुळईवर बसतो. पण खिडकीच्या वरच छताचा गर्डर टेकलेला असेल, तर गणित पार बदलते. म्हणून टेकू कुठे आणि किती, हे इंजिनिअरनेच ठरवायचे. भिंत दोन्ही बाजूंनी टेकूंवर पेलल्याशिवाय जुनी पट्टी हलवायची नाही. नवी तुळई गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलची असावी, किंवा काँक्रीटची. तिला दोन्ही बाजूंना साधारण सहा इंच तरी टेकण हवे. वरची फट गच्च भरून मसाला पुरता घट्ट होईपर्यंत टेकू काढायचे नाहीत.

इमामबाड्यासारख्या संरक्षित स्मारकाजवळ घर असेल तर आणखी एक गोष्ट. २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्यानुसार स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. अर्ज वेळेवर केलेला बरा.

खर्च कोणाचा?

जुन्या घरांत खरे घोडे इथे अडते. मालक म्हणतो, एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणतो, घर तुमचे, खर्च मी का करू? भावाभावांत वाटण्या झालेल्या नसल्या तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो. गंज मात्र कोणाची वाट बघत नाही. आज ब्रश, प्रायमर आणि दोन दिवसांच्या मजुरीत भागणारे काम काही पावसाळ्यांनी भिंत उतरवण्यापर्यंत जाते. पैशांचा वाद पुढे मिटवता येतो. विटा डोक्यावर पडल्या तर मिटवायला काही उरत नाही.

मराठी संगीतरसिकाला लखनौ ठाऊक असते ते पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यामुळे. १९२६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेले संगीत विद्यालय आज कैसरबागेत विद्यापीठ म्हणून नांदते आहे. जुनी वास्तू उपयोगात राहिली, तिच्याकडे रोज कोणाचे तरी लक्ष असले, की ती टिकते. घराचेही तसेच. या रविवारी चहाचा कप हातात घेऊन अंगणात उभे राहा आणि आपल्याच खिडक्यांकडे एकदा मान वर करून बघा. आजीची खाट दुसऱ्या भिंतीला सरकवायची की नाही, ते तिथेच कळेल.