रक्तबिंबिका : संख्या आणि कार्य

पावसाळा सरता सरता नांदेड व लातूर परिसरात डेंग्यूची चिंता वाढू लागते. पाणीटंचाईमुळे घरोघरी पिंप, रांजण व हौदांत पाणी साठवावे लागते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना स्मरत असेलच. साठवणीच्या अशा पाण्यातच एडिस डास वाढतो. रुग्ण दाखल होताच नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "प्लेटलेट किती?" त्या प्रश्नामागील शास्त्र येथे थोडक्यात देत आहोत.

प्लेटलेट म्हणजेच रक्तबिंबिका या अस्थिमज्जेतील मोठ्या पेशींपासून सुटलेले सूक्ष्म तुकडे होत. निरोगी व्यक्तीच्या १ घन मिलिमीटर रक्तात त्या सुमारे १.५ ते ४.५ लाख असतात व ७ ते १० दिवस टिकतात. एरवी त्या तबकडीसारख्या गुळगुळीत असून रक्तासोबत शांतपणे वाहतात. रक्तवाहिनीस इजा होऊन आतील कोलॅजेन उघडे पडले की त्या तेथे चिकटतात, गोलाकार होतात व त्यांना बारीक फाटे फुटतात. त्यांतून बाहेर पडणारी एडीपी व थ्रॉम्बॉक्सेन ही द्रव्ये इतर बिंबिकांना जागृत करतात. फायब्रिनोजेन त्यांना एकमेकींशी जोडते. अखेरीस आवरणाच्या आतील बाजूची विशिष्ट मेदद्रव्ये बाहेर येतात. त्यांवर रक्त गोठविणारे घटक एकत्र येऊन थ्रॉम्बिन व त्यायोगे फायब्रिनचे जाळे तयार होते. गुठळी पक्की होते.

म्हणूनच संख्येइतकेच कार्यही महत्त्वाचे आहे. अ‍ॅस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेनची निर्मिती रोखते. डेंग्यूच्या तापात ते टाळावे. शिवाय या आजारात मोठा धोका रक्तद्रव वाहिन्यांबाहेर झिरपण्याचा असतो. रक्तस्राव नसल्यास संख्या १०,००० च्या खाली जाईपर्यंत सहसा बिंबिका द्याव्या लागत नाहीत. तीव्र पोटदुखी, सतत उलट्या वा लघवी कमी होणे ही लक्षणे मात्र तत्काळ डॉक्टरांच्या निदर्शनास आणावीत.

बिंबिका शीतकपाटात ठेवल्यास थंडीनेच त्यांचा आकार बदलतो आणि रुग्णास दिल्यावर यकृत त्यांना लवकर काढून टाकते. म्हणून त्या २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानात, सतत हलत्या ठेवून, साधारणतः ५ दिवसच साठविता येतात. एखाद्या जयंतीस शेकडो पिशव्या रक्त जमले तरी त्यातील बिंबिका पुढील पंधरवड्यातील रुग्णास उपयोगी पडत नाहीत. दात्यांनी व संस्थांनी रक्तदान वर्षभर विभागून करावे, ही नम्र विनंती.