दुकान आपले, दोरी कुणाच्या हाती?

गिऱ्हाईक क्यूआर कोडवर फोन धरतो आणि दोन क्षणांत पैसे जमा होतात. अंधेरीपासून घाटकोपरपर्यंतच्या आपल्या दुकानदार बांधवांना हे आता रोजचे झाले आहे. पण या दोन क्षणांत किती यंत्रणा एकमेकींच्या आधाराने चालतात, याचा विचार आपण क्वचितच करतो.

फोनवरून निघालेली सूचना यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे जाते. तेथून गिऱ्हाइकाच्या बँकेत रक्कम वजा होते आणि आपल्या बँकेत जमा होते. अनेक लहान बँका संगणकाचे काम बाहेरच्या कंपनीवर सोपवतात. त्या कंपनीतही खात्यांची नोंद एका संगणकावर, ओळख तपासणे दुसऱ्यावर आणि बाहेरची जोडणी तिसऱ्यावर असते. एक अडले की बाकीचे धडधाकट असूनही काम थांबते.

३१ जुलै २०२४ रोजी हेच घडले. सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या काही यंत्रणांवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाल्याचे दिसताच एनपीसीआयने तिची जोडणी तोडली. लागण पुढे पसरू नये, हा हेतू. मात्र सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक अडकले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. त्याआधी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष सुधारणेने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले होते. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

दोन्ही वेळी ज्यांचे काम अडले, त्यांची काहीच चूक नव्हती. म्हणून आम्ही सुचवतो: दुसरे खाते वेगळ्या बँकेत ठेवा आणि दोन्ही बँकांची यंत्रणा एकच कंपनी तर सांभाळत नाही ना, हे विचारा. बिलाचा प्रोग्राम देणाऱ्यालाही विचारा, 'आमचा हिशेब कोठे साठवता? नेट गेले तर बिल निघेल का?' उधारीची नोंद रोज दुसरीकडे उतरवून ठेवा आणि ती उघडते का, हे महिन्यातून एकदा पाहा. गल्ल्यात सुटे पैसे आणि छापील बिलबुक असू द्या.

यंत्रणा दुरुस्त करणे आपल्या हाती नाही. ती थांबली तरी दुकान चालू ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे.