वास म्हणजे पुरावा नव्हे

महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे नावाप्रमाणेच घराघरांतून सैन्यात जाणाऱ्यांचं गाव. माझे पोलादपूरचे मामाही रिटायर्ड हवालदार. त्यांना विचारलं, ड्युटीवरचा जवान प्यायलेला वाटला तर?

"आधी हत्यार काढून घ्यायचं. वाद नाही घालायचा. साक्षीदार ठेवून तडक डॉक्टरकडे!"

एवढी घाई कशाला? रक्तातली दारू दर १०० मिलीमागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. उशीर झाला की पुरावाच जातो. शिवाय साखर कमी झालेला किंवा डोक्याला मार बसलेला माणूसही झोकांड्या खातो, बरळतो. त्याला बेवडा समजून कोठडीत झोपवलं तर जीवच जायचा! आणि खरंच प्यायलेला असला, तरी एकटा सोडायचा नाही. कुशीवर झोपवायचा, म्हणजे उलटी घशात अडकत नाही.

कॅन्टीनची रम पिणं गुन्हा नाही, नशेत सापडणं आहे. आर्मी ॲक्ट १९५०, कलम ४८ : ड्युटीवरच्या जवानाला कोर्ट मार्शलमध्ये २ वर्षांपर्यंत कैद, ऑफिसरला बडतर्फीसुद्धा.

आणि आपण हॉस्टेलवर काय करतो? लिंबू चोखायला देतो, पांघरूण घालतो नि दार ओढून घेतो. लिंबाने दारू उतरत नाही, हेही मामांनीच सांगितलं.