भुतांचं भांडण आणि पहिला स्फोट

१० एप्रिल २०२० ला ‘फायनल फँटसी ७ रीमेक’ बाजारात आला तेव्हा निम्मं जग दार लावून घरात बसलं होतं. भांडायला वेळच वेळ होता, आणि गेमच्या चाहत्यांनी तो पुरेपूर वापरला. भांडणाचा विषय एकच, गेमचा शेवट. शेवटच्या तास-दीड तासात निर्मात्यांनी मूळ कथेशी जे केलं, ते धाडस म्हणायचं की दगाबाजी? आता दुसरा भाग ‘रीबर्थ’ येऊन गेला आहे आणि तिसऱ्याचं काम चालू आहे. एवढ्या अंतरावरून तो सगळा कल्ला पुन्हा ऐकला की वाटतं, भांडण भलत्याच जागी पेटलं होतं. रीमेकने मूळ गेमच्या खऱ्या मर्मावर हात घातला तो पहिल्याच प्रकरणात, आणि त्याबद्दल ओरड झाली ती अगदी थोडी. (पुढे कथेतले सगळे धक्के उघड केले आहेत. गेम कोरा खेळायचा असेल त्यांनी इथेच थांबावं.)

मूळ गेम ३१ जानेवारी १९९७ चा. जपानच्या स्क्वेअर कंपनीने मालिकेचे आधीचे सहाही भाग निन्टेंडोच्या यंत्रांसाठी काढले होते. निन्टेंडोचं नवं यंत्र मात्र कार्ट्रिजवरच अडून राहिलं. मालिकेचे जनक हिरोनोबू साकागुची आणि त्यांच्या चमूच्या डोक्यात जी दृश्यं होती ती कार्ट्रिजमध्ये मावणारी नव्हती, म्हणून ते सोनीच्या प्लेस्टेशनकडे गेले आणि गेम तीन सीडींवर आला. दिग्दर्शन योशिनोरी कितासे यांचं, पात्रांची रेखाटनं तेत्सुया नोमुरांची, संगीत नोबुओ उएमात्सुंचं.

कथा सुरू होते मिडगार शहरात. खांबांवर उचललेल्या पोलादी थाळ्यांवर सुखवस्तू लोक राहतात आणि थाळ्यांच्या खाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथे झोपडपट्टी. मधोमध शिन्रा या वीज कंपनीचा मनोरा. तिचे आठ रिअॅक्टर ग्रहाचं जीवद्रव्य, म्हणजे माको, उपसून त्याची वीज करतात. आपण खेळतो तो क्लाउड, पैसे घेऊन तलवार चालवणारा माजी सैनिक. त्याला कामाला लावणारी अ‍ॅव्हलांच ही टोळी ग्रह वाचवायला निघाली आहे, आणि गेमची पहिली कामगिरीच रिअॅक्टर बॉम्बने उडवायची. पोरांच्या खेळण्यांच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या वस्तूसाठी ही सुरुवात धीटच म्हणायची. पुढे पहिली सीडी संपता संपता खलनायक सेफिरोथची तलवार क्लाउडची साथीदार एरिथ हिच्या आरपार जाते. जिला खेळाडूने तासन् तास सांभाळलं, जिच्यासाठी चांगली शस्त्रं विकत घेतली, ती मरते आणि परत येत नाही. तिला जिवंत करायची काहीतरी गुप्त युक्ती आहे अशा वावड्या पुढे कित्येक वर्षं उठत राहिल्या.

हे सगळं घडायचं ठोकळ्यांच्या बाहुल्यांकडून. हात म्हणजे मुठीएवढे गोळे, तोंडाचा पत्ता नाही, आवाज तर नाहीच. बोलणं निळ्या चौकटीत लिहून यायचं. एरिथचा आवाज कसा, क्लाउड कुठल्या शब्दाला अडखळतो, हे ज्याचं त्याने ठरवलेलं. रीमेकपुढची अडचण इथे होती. एका गेमच्या लाखो खासगी आवृत्त्या लोकांच्या डोक्यात होत्या, आणि नवी आवृत्ती त्यातल्या एकीशीही तंतोतंत जुळणार नव्हती.

आपल्याकडे ही आठवण थोडी उशिरा आणि आडवाटेने आली. मुंबई-पुण्यात तासावर पैसे घेणारी जी पार्लरं होती तिथे टेकन या मारामारीच्या गेमची चलती. एक फेरी खेळायची, हरलात की उठायचं. रोज काल थांबलो तिथून पुढे सुरू करायची, आठवडेच्या आठवडे चालणारी गोष्ट तिथे कोण खेळणार? मराठी घरांत हा गेम शिरला तो बहुतेक संगणकाच्या वाटेने, कुणीतरी कॉपी करून दिलेल्या सीडींवरून, आणि पुढे इम्युलेटरवर. त्यामुळे आपल्याकडच्या चाहत्यांत ‘लहानपणी खेळलो’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘कॉलेजात खेळलो’ म्हणणारेच जास्त भेटतात. माझीही गत तीच, म्हणून बाकीच्यांच्या हळवेपणाकडे मी जरा लांबून पाहतो.

रीमेकची भूक लावली ती खुद्द कंपनीने. २००५ साली सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची ताकद दाखवायला तिने मूळ गेमची सुरुवात नव्या रूपात करून दाखवली. हा केवळ तांत्रिक नमुना आहे, असं तेव्हाच सांगितलं गेलं होतं. ऐकतो कोण? त्याच वर्षी ‘अ‍ॅडव्हेंट चिल्ड्रन’ हा सिनेमा आला, पाठोपाठ याच विश्वातले उपगेम आले, आणि लोकांच्या मनात रीमेक तयारच झाला, फक्त कंपनी द्यायची थांबली होती. डिसेंबर २०१४ मध्ये एका मोठ्या कार्यक्रमात ‘फायनल फँटसी ७’ अशी घोषणा होताच सभागृह उसळलं, आणि पुढच्याच क्षणी कळलं की जुन्या गेमचीच संगणकावरची आवृत्ती प्लेस्टेशन ४ वर येणार आहे. अखेर जून २०१५ मध्ये खरी घोषणा झाली. ती ऐकून रडणाऱ्या मोठ्या माणसांच्या चित्रफिती आजही सापडतात.

सहा महिन्यांत सूर बदलला. डिसेंबर २०१५ मध्ये कळलं की गेम एकसंध नसेल, भागांत येईल. मग समजलं, पहिला भाग फक्त मिडगारचा. मूळ गेममध्ये मिडगार म्हणजे पहिले पाच-सहा तास, नुसतं नमन म्हणा. तेवढ्यावर तीस-चाळीस तासांचा स्वतंत्र गेम बेतायचा, पूर्ण किमतीला विकायचा, आणि उरलेल्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं ताटकळायचं! ‘दूध काढतायत’ हा आरोप तेव्हापासूनचा. मधे बाहेरच्या स्टुडिओकडून काम काढून ते कंपनीने स्वतःकडे घेतलं, तेव्हा तर हा गेम येतच नाही असं मानणारेही पुष्कळ होते.

२०१५ सालीच आपल्याकडे ‘कट्यार काळजात घुसली’ पडद्यावर आला होता. १९६७ चं नाटक ज्यांनी रंगमंचावर पाहिलं होतं ते थिएटरात मनातल्या मनात मूळ प्रयोग चालवतच बसले होते आणि जरा कुठे फरक पडला की चुळबुळत होते. शेजारी बसलेली विशीतली मुलं मात्र ती गाणी पहिल्यांदाच ऐकत होती. रीमेकचा प्रेक्षकही असाच दुभंगलेला, आणि दोघांनी एकाच तिकिटात समाधान मागितलेलं.

गेम आला तो टाळेबंदीत. जग ठप्प होणार हे दिसताच कंपनीने युरोप आणि ऑस्ट्रेलियाकडे डिस्क ठरल्यापेक्षा लवकर धाडून दिल्या. भारतात तेव्हा ऑनलाइन दुकानांना जीवनावश्यक वस्तूंपलीकडे काही पोचवायची मुभा नव्हती, त्यामुळे डिस्क मागवलेल्यांची पंचाईत झाली. उरला डाउनलोडचा मार्ग, आणि दोन ब्लू-रे डिस्क भरतील एवढा गेम रोजच्या दीड जीबीच्या जमान्यात उतरवणं म्हणजे हौसच लागते. जगभर मात्र पहिल्या तीन दिवसांत ३५ लाखांहून अधिक प्रती गेल्या.

पहिल्या आठवड्यातली मतं आता वाचली तर बरीचशी टिकलेली दिसतात. लढायांचं कौतुक झालं ते रास्तच होतं. जुन्या पाळीपाळीच्या लढाईतला विचार आणि नव्या हाणामारीचा वेग यांचा असा मेळ मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. पाल्हाळाबद्दलची कुरकुरही रास्तच होती. एकाच गटारातून दोनदा जायचं, थाळीखाली दिवे बंद करत फिरायचं, फटींमधून अंग चोरत सरकायचं, म्हणजे तेवढ्यात पुढचा भाग लोड होईल. क्लाउडच्या खोलीचं दार इतकं धूसर निघालं की ते गेममधल्या पात्रांपेक्षा जास्त प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी प्लेस्टेशन ५ च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं, पाल्हाळ तसंच राहिलं.

आणि मग ती भुतं. करड्या झग्यातल्या या आकृती, व्हिस्पर्स, गेमभर भिरभिरत राहतात. कथा मूळ गेमच्या रुळावरून जरा घसरली की येऊन तिला परत रुळावर ढकलतात. सेफिरोथ टोळीच्या म्होरक्याला, बॅरेटला, भोसकतो तेव्हा तीच त्याला उठवतात, कारण १९९७ मध्ये तो तिथे मेला नव्हता. शेवटी क्लाउड आणि मंडळी या भुतांशीच लढतात, त्यांना हरवतात, आणि नियतीच मोडीत निघाल्यासारखं होतं. मेलेला झॅक, क्लाउडचा जुना मित्र, कुठेतरी जिवंत दिसतो. एका गटाने टाळ्या वाजवल्या की आता काहीही घडू शकतं, कदाचित एरिथही वाचेल. दुसऱ्या गटाचा संताप असा की आम्ही साधा रीमेक मागितला होता, तुम्ही आमच्याच आठवणींना राक्षस केलंत आणि आमच्याच हातून मारवलंत. दुसऱ्या गटाचं वाचन मला जास्त अचूक वाटतं. ती भुतं म्हणजे आपणच, जुने खेळाडू. फक्त त्याचा एवढा राग का यावा, ते कळत नाही.

२९ फेब्रुवारी २०२४ ला ‘रीबर्थ’ आला. दिग्दर्शनाची सूत्रं आता नाओकी हामागुचींकडे होती. गेम मोठा, देखणा, उदार आणि कधीकधी हैराण करणारा. प्रत्येक वळणावर नवा मिनी-गेम, आणि प्रत्येक मनोऱ्यावर तोंड उघडणारा तो पोरगा, चॅडली. पत्त्यांच्या खेळाने मात्र भल्याभल्यांना मुख्य कथा विसरायला लावलं. संगीताचा मोठा पुरस्कारही मिळाला. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, हे नंतर कंपनीलाही मान्य करावं लागलं. तिथल्या शेवटाकडे सगळ्यांचे डोळे होते. चार वर्षांपूर्वी नियती मोडली होती ना? मग एरिथवर येणारा घाव क्लाउड अडवतो, आणि लगेच ती रक्तात पडलेलीही दिसते. क्लाउडला ती जिवंत भासते, बाकीचे सुतक धरतात. म्हणजे ती मेली. हातचलाखी बरीच झाली, पण कथा १९९७ च्याच ठिकाणी येऊन थांबली. ज्या बदलावरून लोक २०२० साली एकमेकांच्या उरावर बसले होते, तो करायला निर्माते धजावलेच नाहीत. उलट त्या घालमेलीत मूळचा घावही बोथट झाला. वाचली की नाही, कुठल्या जगात वाचली, याचा हिशेब मांडत असताना रडू कुठून येणार?

आता पहिल्या स्फोटाकडे येतो. मूळ गेममध्ये अ‍ॅव्हलांच बॉम्ब लावते, रिअॅक्टर उडतो, त्यात माणसं मरतात. या टोळीने केलेलं हे कृत्य आहे आणि गेम ते पुसून टाकत नाही. उत्तरार्धात टोळीत सामील झालेला शिन्राचाच माणूस केट सिथ बॅरेटला तोंडावर विचारतो की त्या स्फोटात किती माणसं मेली याचा विचार केलास का, आणि ग्रहासाठी काही जीव जाणारच या बॅरेटच्या उत्तरावर तो त्याला चांगलाच फैलावर घेतो. ठोकळ्यांच्या बाहुल्यांचा तो गेम या एका संवादात प्रौढ होऊन जातो.

रीमेकमध्ये अ‍ॅव्हलांचचा बॉम्ब जेमतेम फुटतो. रिअॅक्टर उडवते खुद्द शिन्रा, स्वतःची यंत्रं वापरून, खापर टोळीवर फोडता यावं म्हणून. पहिलं प्रकरण संपायच्या आत नायकांचे हात धुऊन निघतात. हा बदल व्हिस्पर्सपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि तो आला तेव्हा बहुतेक जण नव्या मिडगारकडे आ वासून पाहत होते.

निर्मात्यांच्या बाजूनेही सांगायला हवं, कारण याच बदलातून रीमेकची सर्वांत चांगली व्यक्तिरेखा उभी राहते. जुन्या गेममध्ये टोळीतल्या जेसीच्या वाट्याला चार-दोन ओळी होत्या. इथे बॉम्ब तिने बनवलेला आहे, आणि एवढा विध्वंस आपल्याच हिशेबातल्या चुकीने झाला असं ती धरून चालते. खेळाडूला खरं ठाऊक असतं, तिला नाही. तिचे वडील शिन्राचेच नोकर, माकोच्या विषबाधेने बेशुद्ध पडलेले, थाळीवरच्या नीटनेटक्या घरात. त्या घरात आई पिझ्झा वाढत असताना दुसऱ्या खोलीत वडिलांच्या उशाशी क्लाउड उभा राहतो, तो प्रसंग मूळ गेममध्ये नव्हताच. पुढे सातव्या विभागावर थाळी कोसळते तेव्हा खाली चिरडली जाणारी वस्ती आता नुसती चित्रातली राहिलेली नसते. तिथली मांजरं शोधून दिलेली असतात, पाण्याचे फिल्टर विकलेले असतात. पाल्हाळ म्हणून ज्या कामांना नावं ठेवली त्यातलीच ही. जेसी मरते ते स्वतःला दोषी मानत. ती निर्दोष होती हे तिला कुणी सांगत नाही.

म्हणून तिसऱ्या भागात एरिथ परत येते का, यापेक्षा मला कुतूहल आहे ते केट सिथच्या त्या प्रश्नाचं. मूळ कथेच्या क्रमाने गेलं तर तो संवाद आता याच भागात यायचा. शिन्राने केलेल्या स्फोटाचा जाब शिन्राच्याच माणसाने बॅरेटला कसा विचारायचा, आणि बॅरेटने कशाबद्दल मान खाली घालायची? मूळ गेमपासून लिहीत आलेल्या नोजिमांसारख्या मुरलेल्या लेखकाला यातून वाट सापडेलही. ती न सापडता संवादच गाळला गेला, तर त्यावर भांडायला या वेळी मीही येईन.