काळ्या पाण्यावर एक दिवस

अंदमानला जाणाऱ्या मराठी माणसाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक दिवस हमखास ‘तीन बेटां’चा असतो. सकाळी पोर्ट ब्लेअरच्या ॲबर्डीन जेटीवर जायचं, भगव्या रंगाचं लाइफ जॅकेट अंगात चढवायचं, बोटीत बसायचं आणि रॉस, नॉर्थ बे, वायपर अशी तीन ठिकाणं पाहून दिवेलागणीला परतायचं. आम्हीही जानेवारी २०११ मध्ये हेच केलं. पत्नी होती, सहल कंपनीच्या गटातले तीसेक लोक होते आणि सांगलीकडचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. बोट सुटली तेव्हा मागे टेकाडावर सेल्युलर जेल दिसत होता. आदल्या संध्याकाळी आम्ही तिथला प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम पाहिला होता. सरांचा आवाज अजूनही जड होता.

नावांचा घोळ आधीच मिटवतो. रॉस बेटाचं नाव २०१८ च्या डिसेंबरात ‘नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप’ झालं. खुद्द पोर्ट ब्लेअर २०२४ पासून ‘श्री विजयपुरम’ झालं. आज जाणाऱ्यांना पाट्यांवर हीच नावं दिसतील. मी गेलो तेव्हा जुनी नावं होती आणि जुन्या कागदपत्रांतही तीच आहेत, म्हणून तीच वापरतो. वायपर हे नाव विषारी सापावरून पडलं असं आमच्या बोटीत एकानं छातीठोकपणे सांगितलं. सापाशी संबंध आहे तो एवढाच, की आर्चिबाल्ड ब्लेअर १७८९ मध्ये इथं पाहणीसाठी आला तेव्हा त्याच्या जहाजाचं नाव ‘वायपर’ होतं. आणि नॉर्थ बे हे तर बेटच नव्हे. तो दक्षिण अंदमानच्या मुख्य भूमीचाच एक किनारा आहे. पण तिथं सगळे समुद्रातून जातात, म्हणून त्याला बेटपण मिळालं!

रॉसला पोचायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. बेट इतकं लहान की तासाभरात पायी फिरून होतं. बंदराच्या तोंडाशीच ते पहारेकऱ्यासारखं उभं आहे. १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर जेम्स पॅटिसन वॉकर दोनशे कैदी घेऊन या बंदरात आला. उत्तरेतला उठाव अजून पुरता विझला नव्हता आणि पकडलेल्या माणसांना ठेवायचं कुठं हा इंग्रजांपुढचा प्रश्न होता. आधी चॅटम बेटावर मुक्काम झाला. तिथं पाणी पुरेना, म्हणून रॉस निवडलं गेलं. कैद्यांनीच जंगल तोडलं, कैद्यांनीच विटा वाहिल्या आणि काही वर्षांत त्या टेकाडावर मुख्य आयुक्तांचा बंगला, चर्च, बेकरी, क्लब असं चिमुकलं विलायती गाव उभं राहिलं.

आज तिथं भिंती कमी आणि मुळं जास्त आहेत. वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी विटांच्या इमारतींना अशी मिठी मारली आहे की झाड काढलं तर भिंत पडेल आणि भिंत पडली तर झाड. २६ जून १९४१ च्या भूकंपानं बेटाला तडे गेले, कारभार पोर्ट ब्लेअरला हलला. पुढच्या मार्चमध्ये जपानी सैन्य आलं, त्यांचे बंकर अजून आहेत. झाडीतून ठिपक्यांची हरणं येतात आणि लोक त्यांच्याबरोबर फोटो काढतात. ही हरणं मूळची इथली नव्हेत, इंग्रजांनी आणलेली. अंदमानात त्यांना खाणारा वाघ-बिबट्या नसल्यामुळे ती अनेक बेटांवर पसरली आणि कोवळी रोपं खाऊन जंगलाला डोईजड झाली. वसाहतीचा हा वारसा मात्र सगळ्यांना फार गोड वाटतो.

याच बेटावर १८६३ मध्ये ‘अंदमान होम’ सुरू झालं. इथल्या मूळ रहिवाशांना ‘माणसाळवण्या’साठी त्यांना आणून ठेवायचं, असा तो प्रकार. पुढच्या काही दशकांत उपदंश आणि गोवर या बाहेरून आलेल्या रोगांनी ग्रेट अंदमानी लोकांची वस्तीच्या वस्ती नाहीशी केली. आज ते पन्नास-साठच्या घरात उरले आहेत. आपण अंदमानचा इतिहास कैद्यांपासून सुरू करतो. त्याआधी हजारो वर्षं इथं कोणी राहत होतं आणि त्यांच्या दृष्टीनं कैदी आणि जेलर एकाच बोटीतून उतरले होते, हे बोटीवरच्या माहितीत कुठंच येत नाही.

नॉर्थ बेवर मात्र माहिती भरपूर. काचेच्या तळाची बोट, स्नॉर्कलिंग, डोक्यावर शिरस्त्राण घालून समुद्राच्या तळावर चालणं, प्रत्येकाचा दर वेगळा आणि प्रत्येकाचा आग्रह मोठा. इथला दीपगृहाचा किनारा वीस रुपयांच्या जुन्या तांबूस नोटेवर छापला आहे, हे दाखवायला दर पाच मिनिटांनी कोणीतरी खिशातून नोट काढतो. २०१९ मध्ये वीस रुपयांची नवी नोट आली तेव्हा तिच्यावर आपलं वेरूळ आलं.

काचेच्या तळाच्या बोटीत आम्ही बसलो. प्रवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल-जांभळे रंग येतात. आम्हाला बराचसा राखाडी रंग दिसला. सर म्हणाले, “हे काय, मेलंय की काय?” बोटवाल्यानं उत्तर दिलं नाही, म्हणून जे मला ठाऊक होतं ते मी सांगितलं. प्रवाळ हा दगड नव्हे, तो अगदी लहान प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हापासून अन्न तयार करून घरमालकाला देतं आणि रंगही बहुतेक त्याचाच असतो. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ या शैवालाला बाहेर काढतो. मग त्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर प्रवाळ उपासमारीनं मरतो आणि त्यावर राखाडी-हिरवा थर चढतो. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं, २०१६ मध्ये पुन्हा झालं. आपण काय करू शकतो? फार थोडं. पण उथळ पाण्यात प्रवाळावर पाय देऊन उभं राहून फोटो काढू नये, एवढं तरी करता येतं. आमच्या गटातल्या तिघांनी तेही केलं नाही.

बोटींबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आमच्या सहलीनंतर तीन वर्षांनी, २६ जानेवारी २०१४ रोजी, याच पाण्यात पर्यटकांची एक बोट बुडाली आणि २१ माणसं गेली. बोटीत क्षमतेपेक्षा किती तरी जास्त लोक होते. इथलं पाणी इतकं निळं आणि इतकं शांत दिसतं की जॅकेट गळ्यात काचतं म्हणून आपण ते सैल करतो. करू नये. आणि बोटीवर लिहिलेला आकडा आणि आत बसलेली डोकी यांचा मेळ बसत नसेल तर उतरून जावं, मागून येणाऱ्या बोटीतूनही तोच समुद्र दिसतो.

दुपारी जेवण झाल्यावर बोट बंदराच्या आत, पश्चिमेला वळली. वायपरला निघताना अर्धा गट पेंगत होता. तिथं समुद्रकिनाऱ्याची मजा नाही, दुकानं नाहीत, टेकडीवर विटांची घुमटवजा फाशीघराची इमारत आणि खाली तुरुंगाचे अवशेष. सेल्युलर जेल बांधायला सुरुवात झाली १८९६ मध्ये. त्याच्या तीस वर्षं आधी वायपरवर तुरुंग होता आणि साखळदंडांतल्या कैद्यांना तिथं ठेवत. आमच्या मार्गदर्शकानं या बेटाला दहा मिनिटं दिली. आज जाणाऱ्यांनी तिकीट काढताना विचारून घ्यावं, वायपरवर उतरवतात की बोटीतूनच दाखवतात.

वर चढताना सर माझ्या शेजारी होते. दम घेण्यासाठी थांबले आणि अगदी साधेपणानं म्हणाले, “तुमच्यातलेही होते का हो इथं?”

या प्रश्नात विखार नव्हता. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. आमच्या गटातल्या कोणालाच नव्हतं, कारण आदल्या रात्रीपासून आम्ही जे ऐकत होतो ते विसाव्या शतकातलं होतं. त्याआधीचं अर्धं शतक कोणी सांगतच नाही.

मी त्यांना आधी शेर अलीची गोष्ट सांगितली, कारण ती याच बेटावर संपते. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं आपल्यासारखीच एक दिवसाची सहल केली. सकाळी त्याचं जहाज बंदरात आलं, दिवसभरात त्यानं रॉस पाहिलं, वायपर पाहिलं. थोडा वेळ उरला, तेव्हा माउंट हॅरिएटच्या टेकडीवरून सूर्यास्त पाहायची इच्छा त्याला झाली. २०२१ पासून या टेकडीचं नाव माउंट मणिपूर आहे. सूर्यास्त पाहून मंडळी खाली उतरली तोवर अंधार पडला होता. होपटाउनच्या धक्क्यावर मशालींच्या उजेडात एक कैदी झेपावला आणि त्यानं मेयोच्या पाठीत सुरा खुपसला. पत्नी जहाजावर वाट पाहत होती, तिच्यापर्यंत त्याचं प्रेतच पोचलं. तो कैदी म्हणजे शेर अली, खैबरकडचा आफ्रिदी पठाण. पूर्वी इंग्रजांच्याच पोलिसांत होता, भाऊबंदकीच्या सूडातून खून केल्याबद्दल जन्मठेपेवर आला होता आणि कैद्यांची हजामत करायचा. ११ मार्चला त्याला वायपरवर फाशी दिलं. पदावर असताना खून झालेला तो एकमेव व्हाइसरॉय.

“म्हणजे क्रांतिकारकच की,” सर म्हणाले.

मी लगेच हो म्हणालो नाही. काही जण त्याला हुतात्मा म्हणतात, काही जण नुसता खुनी. अल्लाच्या हुकमानं केलं, असं तो म्हणाल्याची नोंद आहे. त्याच्या मनात काय होतं ते त्या नोंदीवरून मला कळत नाही आणि माझ्या सोयीसाठी मी त्याला मोठा करणार नाही, लहानही करणार नाही. मला ओढ होती ती दुसऱ्यांची. फज्ले हक खैराबादी या बेटांवर १८५९ मध्ये आले. तर्कशास्त्राचे मोठे पंडित, गालिबचे मित्र, उठावात सामील असल्याचा आरोप. इथंच १८६१ मध्ये वारले, कबर पोर्ट ब्लेअरमध्ये आहे. उठावाची हकिकत आणि कैदेतल्या कविता त्यांनी अरबीत लिहिल्या, चिंध्यांवर कोळशानं लिहून बाहेर पाठवल्या असं सांगतात. मुनीर शिकोहाबादी हे उर्दू कवीही इथं काही वर्षं होते, ते सुटून परत गेले.

आणि जाफर थानेसरी. अंबाल्याच्या वहाबी खटल्यात शिक्षा झाली, लाहोरहून कराची, कराचीहून मुंबई असा बेड्यांतला प्रवास झाला आणि जहाजाची वाट पाहत ते ठाण्याच्या तुरुंगात होते. जानेवारी १८६६ मध्ये अंदमानला पोचले आणि १८८३ मध्ये सुटले. परत गेल्यावर त्यांनी उर्दूत आठवणी लिहिल्या. ते पुस्तक ‘काला पानी’ याच नावानं ओळखलं जातं. ‘माझी जन्मठेप’च्या आधी कित्येक दशकं.

“ठाण्याच्या?” सर पायरीवरच थांबले. “सावरकरही ठाण्याला होते. डोंगरी, भायखळा, ठाणे.”

होते. साडेचार दशकांच्या अंतरानं. एक माणूस भिंतीवर कविता कोरून पाठ करत होता, त्याच्या आधी दुसरा चिंध्यांवर लिहीत होता. दोघांचे विचार जुळले असते असं मी म्हणत नाही, बहुधा कडाक्याचं भांडण झालं असतं. पण कागद दोघांनाही नव्हता.

परतताना बोटीच्या नाळेवर बसलो. ‘काळं पाणी’ हा शब्द रंगावरून नाही, काळ म्हणजे मृत्यू, त्यावरून आला असं म्हणतात. चेन्नई इथून सुमारे १,३७० किलोमीटर. पहिल्या कैद्यांना वाटायचं की जंगलातून चालत गेलं तर ब्रह्मदेश लागेल. ते पळाले, उपाशी परतले किंवा पकडले गेले आणि डॉक्टर वॉकरनं एकाच दिवशी ऐंशीहून अधिक जणांना फासावर चढवलं. वरून त्याला थांबवायला सांगावं लागलं. भिंत बांधायची गरजच नव्हती, आम्ही ज्याचे फोटो काढत होतो तीच भिंत होती.

सुकाणूवरच्या पोराला मी विचारलं, गाव कोणतं? हसून म्हणाला, “यही। दादा के दादा सज़ा काटने आए थे, हम तो पैदाइशी हैं।” अशा लोकांना इथं ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. सुटलेल्या कैद्यांनी इथंच संसार मांडले, जातीधर्माच्या पलीकडे लग्नं केली, आणि त्यांची मुलं हिंदुस्थानी बोलत वाढली. पोराच्या आवाजात लाज नव्हती, थोडी ऐट होती.

सव्वापाचलाच सूर्य बुडू लागला. घड्याळ आपलंच चालतं, पण ही बेटं मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला असल्यानं सूर्य सुमारे ८० मिनिटं आधी येतो आणि आधी जातो. जेटीवर उतरलो तेव्हा मगरिबची अजान होत होती. आमच्याकडे त्या वेळी लोक दुपारचा चहा घेत असतील.

सरांनी खिशातून बोटीचं तिकीट काढलं, उलटं करून माझ्यापुढे धरलं आणि पेन दिलं. “ते नाव लिहून द्या.” मी लिहिलं, मौलाना जाफर थानेसरी. त्यांनी वाचलं, पेन परत घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ठाणे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)