दारूमागचे दुःखही पाहा

३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. पत्र्याच्या शेडमध्ये राहणारा एक शेतकरी मला म्हणाला, "डॉक्टरसाहेब, डोळा लागावा म्हणून घेतो."

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासलेल्या भूकंपग्रस्तांपैकी निम्म्याहून अधिक जणांना मानसिक विकार आढळले. दारूने झोप लागते, पण मध्येच मोडते, उदासीनता वाढते. म्हणून व्यसन आणि मन, दोन्हींवर एकाच वेळी उपचार हवेत.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम, झटके येऊन जीवही जाऊ शकतो. त्याला रुग्णालयात न्या. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

रागावण्याआधी एवढे विचारा, "रात्री झोप लागते का?"